दुसरी यादी

रोंगेलाप
२० ऑगस्ट १९५७

नेइमोन,

पोचलो. तीन वर्षांनी. बोट बेटांच्या वेढ्याच्या आतल्या पाण्यात शिरली तेव्हा सगळे गात होते. मग किनारा दिसला आणि गाणं आपोआप थांबलं.

आपलं घर नाही. कुणाचंच नाही. जुनी सगळी पाडून त्यांनी नवी बांधली आहेत, फळ्यांची, वर पत्रा, एका रांगेत, बराकीसारखी. आम्हाला टोकाचं मिळालं. तिथून आईच्या जमिनीवर जायचं म्हणजे पाऊण तास चाल. जाकेओने आठ दिवस रान तोडलं, तेव्हा आतल्या पाण्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत वाट निघाली. आई ज्या दगडावर बसून आरारूट किसायची तो दगड सापडला. मी त्याच्यावर बसले. आईला माजुरोशेजारच्या एजितच्या वाळूत पुरून, एकटीला ठेवून आपण सगळे निघून आलो, असं वाटलं. मग आठवलं, सगळे कुठे, तू आहेस ना तिथे.

माडांना नारळ आहेत. काहींना दोन दोन शेंडे फुटलेत. मुलं त्यांना बघून हसतात.

उतरल्यावर सभा झाली. डॉक्टर म्हणाले, जमिनीत अजून बाँबचं थोडं विष आहे, पण त्याने काही होत नाही. जाकेओने उठून विचारलं, थोडं म्हणजे किती. दुभाष्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो प्रश्न पुढे सांगितलाच नाही.

तू यायला हवं होतंस. केलाईला गोदीवरचं सुतारकाम सोडवत नाही आणि तुला इस्पितळातल्या मळक्या चादरी सोडवत नाहीत. राहा तिथेच, दुसऱ्याच्या बेटावर, दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी पीत.

केवड्याच्या गराची वळकटी लाबिनच्या हाती पाठवते आहे. आईच्या जमिनीवरची पहिली. तुम्ही तिघांनी मिळून खा, अल्मिताला मोठा तुकडा दे.

आणखी एक. मला चौथा महिना आहे. हे पत्र लाबिनसमोर मोठ्याने वाचू नकोस. आपला भाऊ आहे, लाजेने समुद्रात उडी मारेल.

लिमानो


माजुरो
११ नोव्हेंबर १९५७

ताई,

वळकटी पोचली. दादाने ती बोटीवर उशाशी घेऊन झोपून आणली म्हणे, उंदरांच्या भीतीने. मी पातळ काप काढले. अल्मिताने दोन खाल्ले आणि तिसरा चटईखाली लपवला. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा रडली. साडेतीन वर्षांची आहे, पण लपवायला शिकली. आई म्हणाली असती, माझ्या मोठीवर गेली.

तुझी बातमी मी दादा गेल्यावर वाचली. मग पुन्हा वाचली. केलाईला सांगितली तर तो म्हणाला, आता लिमानोताई दुसऱ्यांवर ओरडायला जरा कमी वेळ देईल. त्याचं मनावर घेऊ नकोस, त्याला आनंद झाला आहे.

मुलगी झाली तर आईचं नाव ठेव. मुलगा झाला तर काहीही ठेव, फक्त जाकेओचं नको. त्या घरात जाकेओ एकच पुरे.

मी येत नाही म्हणून तू रागावतेस ते बरोबर आहे. पुढच्या वर्षी बघू, असं केलाई म्हणतो. इथे काम नेहमीचंच. चादरी उकळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. हात पांढरे पडतात.

जड उचलू नकोस. खोबऱ्याची पोती जाकेओला उचलू दे, त्याच्या खांद्यांना दुसरं काम काय आहे. बाळ झालं की लगेच लिही.

तुझी नेइमोन


रोंगेलाप
२७ मार्च १९५८

नेइमोन,

इथे आरारूटने घोळ घातला आहे.

डिसेंबरात पाला वाळला, आम्ही कंद काढले. मी आईच्याच दगडावर किसलं, समुद्राच्या पाण्यात धुतलं, गाळलं, पुन्हा धुतलं. तीन पाणी. तिसऱ्या पाण्यात कडू निघून जातं, हे तुला मला कुणी शिकवायला नको. शिजवून खाल्लं तर तोंड भाजल्यासारखं झालं. जिभेवर फोड. बायका हसल्या. म्हणाल्या, एजितला तीन वर्षं तांदूळ खाऊन लिमानो धुवायचं विसरली. मलाही तसंच वाटलं. मग त्यांच्या घरी शिजलं आणि त्यांचं हसणं बंद झालं. आता आम्ही पाच पाणी धुतो. कुणी सात. जी ती दुसरीच्या हाताला नावं ठेवते. म्हातारी नेजा दाखवायला आली, तुम्हा पोरींना काही येत नाही म्हणत. तिने स्वतः किसलं, स्वतः धुतलं, स्वतः पहिला घास घेतला. संध्याकाळी तिचे ओठ सुजले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "पन्नास वर्षं धुतेय गं. आता हात गेले माझे."

डॉक्टरांची बोट येऊन गेली. या वर्षी लोखंडाची एक खोली आणली होती. जाड दार. आत एकटीने बसायचं, हलायचं नाही. आपल्या अंगातून काय निघतं ते यंत्र ऐकतं, असं दुभाष्याने सांगितलं. मला शेजारच्या बाईने विचारलं, काय ऐकलं गं तुझं. मी म्हणाले, भूक. नंतर पाटीवर आकडा लिहून ती छातीशी धरायला लावून फोटो काढला, दर वर्षीसारखा. जाताना सांगितलं, नारळखेकडे खाऊ नका. बाकी सगळं खा.

खेकडा नको आणि त्याच माडाचा नारळ चालतो, हे कसं, असं जाकेओने विचारलं. दुभाष्या आता जाकेओला बघितलं की दुसरीकडे वळतो.

आता कामाचं. मला अल्मिता दे.

कसं मागायचं असतं ते आईने धाकट्या मावशीकडे मला मागितलं तेव्हा बघितलं आहेस. चटई घेऊन यायला हवं, पण मध्ये एवढं पाणी आहे, म्हणून पत्राने मागते. आईची जमीन मुलीकडून मुलीकडे जाते. माझ्यानंतर तिच्यावर चालणारी, तिच्यातलं खाणारी आपल्या पोटची मुलगी हवी. जी इथे वाढली नाही तिला कोण जमीनवाली म्हणेल? तू तिला गमावत नाहीस. तिला दोन आया होतील, मला होत्या तशा.

पुढच्या बोटीने पाठव.

लिमानो


माजुरो
१९ मे १९५८

ताई,

पत्र मिळालं. सोबतचं आरारूटही. आढ्याला टांगून ठेवलं आहे, कोरडं राहावं म्हणून.

अल्मिताला सध्या खोकला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्यात बोटीचा प्रवास नको. नाताळनंतर बघू या. केलाईच्या आईलाही विचारावं लागेल, ती अल्मिताशिवाय जेवत नाही. तू मागितलंस यातच सगळं आलं, मी नाही म्हणत नाही.

तू बाळाचं काहीच लिहिलं नाहीस. पत्र उलटून पालटून बघितलं, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. मुलगा का मुलगी? दादाला विचारलं. त्याने जाळ्याची गाठ सोडवायला घेतली. मग म्हणाला, ताई बारीक झालीय. मी म्हणाले, म्हणजे? तो म्हणाला, म्हणजे बारीक. भाऊ आहे तो, तुझ्या अंगाबद्दल याहून जास्त त्याच्या तोंडून निघणार नाही, आणि मीही त्याला विचारू शकत नाही.

तान्ह्याला पाजून तू खंगली असशील, असं वाटतं. तीन वर्षं जमीन पडून होती, खायला पुरत नसेल. तांदळाचं एक पोतं, माशांचे बारा डबे आणि दुधाची भुकटी पाठवते आहे. जाकेओ मासे मारायचं विसरला का? त्याला सांग, मी विचारलंय.

जुन्या चादरींचे लंगोट शिवले आहेत, तेही पोत्यात आहेत. स्वच्छ उकळलेले.

तुझी नेइमोन


रोंगेलाप
३० जुलै १९५८

नेइमोन,

तांदूळ मिळाला. वाटून टाकला.

मासे भरपूर आहेत. जाकेओ रोज जातो. मी उपाशी नाही.

बाळ राहिलं नाही. जानेवारीतच. मी ओलं खोबरं उचललं होतं, तू सांगितलं असूनही. त्याच्यावर यापुढे लिहू नकोस. लंगोट म्हातारी नेजाच्या नातसुनेला दिले.

या वर्षी पश्चिमेला त्यांचे बाँब पुन्हा चालू आहेत. एप्रिलपासून. पहाटे सगळं आभाळ पिवळं होतं, बऱ्याच वेळाने आवाज येतो, पत्रे हलतात, कोंबड्या झाडावरून खाली पडतात. पहिल्या वेळी सगळे घराबाहेर येऊन तोंड वर करून उभे राहिलो. चौपन्नसारखी पांढरी भुकटी पडते का बघायला. पाळकाने प्रार्थना सुरू केली, पण कुणी डोळे मिटले नाहीत. भुकटी पडली नाही. आता आधी वारा बघतात म्हणे. मागच्या वेळी वारा नव्हता का?

आता बाया सवयीने कपडे आत घेतात आणि मुलांना हाका मारतात. मुलं येत नाहीत. त्यांना ती मजा वाटते.

नाताळनंतर म्हणालीस. नाताळनंतर. खोकला एवढा राहत नाही.

लिमानो


माजुरो
६ नोव्हेंबर १९५८

ताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते. दादा उद्या निघतो.

आधी माझं. मला दिवस गेले आहेत, एप्रिलमध्ये होईल. तुला हे सांगायला मला लाज वाटते. वाटायला नको, पण वाटते.

आमच्या इस्पितळात तोमाकी नावाचा मदतनीस आहे. त्याला साहेबांची भाषा येते. तो दोन वर्षं त्या डॉक्टरांच्या बोटीवर जाऊन आला. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम. परवा चादरी मोजताना मी त्याला आपल्या बेटाचं विचारलं. सहज. तो म्हणाला, तुमच्याकडच्यांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीत भुकटी अंगावर पडली ती माणसं. दुसऱ्या यादीत पडली नाही ती, त्या वेळी दुसरीकडे होती आणि आता परत जाऊन राहिली ती. मी म्हणाले, दुसऱ्यांना कशाला तपासतात, त्यांना काय झालंय? त्याने माझ्याकडे, मी गंमत करतेय का, असं बघितलं. मग म्हणाला, "त्यांना काही झालेलं नव्हतं म्हणून तर. रिकामं भांडं किती दिवसांत भरतं ते कळायला हवं ना." तिथलं खाऊन माणूस भरतो, दर वर्षी थोडा जास्त, आणि ते लिहून ठेवतात. त्याला त्यात वाईट काही वाटत नव्हतं. तो मला समजावून सांगत होता. त्याने असंही सांगितलं की डॉक्टर बेटावर उतरले तरी पाणीसुद्धा बोटीवरचं पितात.

ताई, तुझे हात गेलेले नाहीत. नेजाचेही नाहीत.

तू परत ये. जाकेओला घेऊन ये. केलाई एक खोली वाढवेल. जमीन कुठे पळून जात नाही.

आढ्याला टांगलेलं आरारूट तसंच आहे. आईच्या जमिनीतलं आहे म्हणून टाकवत नाही. मी ते शिजवलेलं नाही. हेही तुला सांगायला हवं होतं.

मी तुला नाही म्हणत नाही. कसं म्हणणार? तू मागू नकोस, एवढंच मागते.

नेइमोन


रोंगेलाप
१२ जानेवारी १९५९

नेइमोन,

म्हणजे नाही. मग तसं लिही. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या पोराच्या तोंडून का सांगतेस?

आपल्या घराण्यात थोरल्या बहिणीला मूल नाकारणारी तू पहिली. मावशीने आईला नाकारलं नाही. मी आईकडे चालत गेले, सहा वर्षांची होते, गाठोडं माझं मीच घेतलं होतं.

एक आठवण करून देते, कारण दुसरं कुणी देणार नाही. चौपन्नच्या जानेवारीत तुझं पोट मोठं होतं. पहिलटकरीण म्हणून तू रडत होतीस. तुला माजुरोला इस्पितळात जायचं नव्हतं, आईजवळ बाळंत व्हायचं होतं. मी तुला हाताला धरून होडीत बसवलं. तू मला शिव्या दिल्यास. फेब्रुवारीत अल्मिता झाली. एक मार्चला सकाळी पश्चिमेला दुसरा सूर्य उगवला आणि दुपारी आभाळातून पांढरं पडायला लागलं. आईच्या केसांत, विहिरीत, शिजलेल्या माशावर. आम्ही ते खाल्लं. दोन दिवस कुणी आलं नाही. तू तिथे नव्हतीस. अल्मिता तिथे नव्हती. मी पाठवलं म्हणून तुम्ही नव्हतात.

तुझी मुलगी माझ्यामुळे आहे. मी तिला मागितलं तर तू तिला रिकामं भांडं म्हणतेस.

इथे दोनशेवर माणसं राहतात, खातात, गातात. लग्नं होतात. आम्ही सगळे वेडे आणि तोमाकी शहाणा.

नाताळ होऊन गेला.

लिमानो


माजुरो
२ मे १९५९

ताई,

मुलगा झाला. १४ एप्रिलला. चांगला आहे.

अल्मिता दादाबरोबर येत आहे. हे पत्र तिच्या गाठोड्यात आहे.

केलाई माझ्याशी बोलत नाही. त्याच्या आईने दोन दिवस जेवण सोडलं. मी त्यांना सांगितलं, ताईचं आहे ते ताईला दिलं.

ती पाच वर्षांची आहे. कुशीवर झोपते, पाय भिंतीला लावून. नीरफणस भाजलेला खाते, उकडलेला खात नाही. माशाचं डोकं दिलं तर डोळे आधी काढून ठेवते. कोंबडा तिला चावला होता, त्याला घाबरते. मोठ्या आईकडे जायचंय म्हणून शेजारणींना सांगत फिरत होती, तिथे तिची स्वतःची जमीन आहे म्हणून. रागावली की तोंड फिरवते आणि बोलत नाही, दोन दोन दिवस. तेव्हा तिला बोलवायला जाऊ नये, आपण होऊन येते.

तांदळाचं पोतं सोबत आहे. ते वाटू नकोस. ते तिच्यासाठी ठेव. एवढं माझं ऐक.

नेइमोन


रोंगेलाप, बोटीवर
२१ मे १९५९

नेइमोन,

मी हे बोटीवरच लिहिते आहे, खोबऱ्याच्या पोत्यावर कागद ठेवून. माल चढतोय. तासाभरात निघतील. अल्मिता समोर बसली आहे. तोंड फिरवून.

तुला सगळं सांगते, नाहीतर तुला वाटेल मला वेड लागलं.

मार्चमध्ये डॉक्टरांची बोट आली. मी लोखंडी खोलीतून बाहेर आले, पाटी धरली, फोटो झाला. तिथे टेबलाशी एक लिहिणारा असतो. दुभाष्यामार्फत नेहमीचे प्रश्न विचारतो. घरात माणसं किती. मी म्हणाले, दोन, आता तीन होतील, बहिणीची मुलगी येणार आहे. त्याने विचारलं, मुलगी चौपन्न साली कुठे होती? मी म्हणाले, माजुरोत, महिनाभराची. त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच बघितलं. शेजारच्या डॉक्टरला बोलावलं. दोघं बोलले. मग त्याने दुसरा कागद ओढला आणि तिचं नाव लिहिलं. नाव कसं लिहायचं ते मला दोनदा विचारून. पुढे आकडा टाकला. डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याने माझा हात हातात घेतला आणि मला बिस्किटांचा डबा दिला. मुलीसाठी.

ती अजून आलेली नव्हती, नेइमोन. तू अजून हो म्हणाली नव्हतीस. आणि तिचा आकडा तयार होता.

मी घरी येऊन तुला पत्र लिहिलं, पाठवू नकोस म्हणून. डॉक्टरांच्या बोटीवर ते देता आलं असतं. दिलं नाही. मागितलेलं परत कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं, असं मी मला सांगितलं. खरं म्हणजे मला ती हवी होती. पत्र मी चटईखाली ठेवलं आणि रोज त्याच्यावर झोपले.

आज सकाळी बोट दिसली. जाकेओने होडी काढली. मी नवी चटई घेतली, तिला बसवून आणायला. जाताना आईच्या जमिनीवरचं शहाळं घेतलं आणि आरारूट शिजवून पानात बांधून घेतलं. आपल्या जमिनीवर पाय ठेवण्याआधी तिच्या तोंडात आपलं अन्न जावं म्हणून. हे सगळं मी केलं. तोमाकीचं वाचून, लिहिणाऱ्याला बघून, तरीही केलं.

बोटीवर चढले. ती लाबिनचा हात सोडून धावत आली. मला ओळखलं नाही, पण धावत आली. म्हणाली, "तूच ना मोठी आई? मला भूक लागलीय." मी पान सोडलं. तिने हात पुढे केला.

माझा हात गेला नाही.

ती वाट बघत होती. पुन्हा म्हणाली, भूक लागलीय. आपल्याकडे भुकेल्या पोरासमोर अन्न धरून कुणी मागे घेत नाही, हे तिलाही माहीत आहे. तिला वाटलं मी खेळतेय, म्हणून हसली. आईच्या जमिनीतलं पाण्यात टाकता येईना. मग मीच खाल्लं. तिच्यासमोर, सगळं, शेवटपर्यंत. जीभ जळत होती. वर शहाळं प्यायले. तिने सगळं बघितलं. मग ती रडली. मग तोंड फिरवलं.

लाबिन बाजूला पाठ करून उभा होता. खलाशी बघत होते. मी त्याला म्हणाले, हिला खाली उतरवायचं नाही, हिचे पाय त्या वाळूला लावायचे नाहीत, जशी आणलीस तशी परत ने. तो वळला नाही. पाठ तशीच ठेवून त्याने विचारलं, "ताई, किती होती?"

भावाने विचारू नये ते त्याने विचारलं. मीही उत्तर दिलं. म्हणाले, "तीन."

तो रेलिंग धरून उभा राहिला. मग गेला आणि तिच्यासाठी बोटीवरचा भात घेऊन आला. ती लाबिनच्या हातून जेवली. माझ्याकडे न बघता.

तीन बाळं होती. एक एजितला, आईने पुरलं, मला दाखवलं नाही. दुसरं तिथेच. तिसरं जानेवारीतलं, ते मी बघितलं. नेजा म्हणाली, बघू नकोस. त्याला केस होते. बाकी लिहीत नाही. मी खोबरं उचललं नव्हतं. मी काहीच उचललं नव्हतं.

किनाऱ्यावर बाया जमल्या आहेत, मुलीला बघायला. मी त्यांना सांगणार आहे की पोरगी उद्धट निघाली, मला आवडली नाही, म्हणून परत लावली. त्या मला नावं ठेवतील. थोरलीने मागितलेलं मूल किनाऱ्यावरून परत पाठवलं, असं इथे कधी कुणी केलेलं नाही. ठेवू दे. जाकेओला खरं सांगितलं आहे. त्याने होडीतली चटई गुंडाळली.

मी येणार नाही. मी पहिल्या यादीतली. माझं भांडं भरलेलं आहे, ते इथे काय आणि तिथे काय. आणि आईच्या जमिनीवर कुणीतरी चालायला हवं, मी आहे तोवर मी चालेन. माझ्यानंतर जमीन तिचं बघेल.

यापुढे मी काही पाठवणार नाही. वळकटी नाही, आरारूट नाही. न राहवून पाठवलंच तर घेऊ नकोस.

केलाईला सांग, लिमानोताई हरली. त्याला बरं वाटेल. त्याच्या आईला जेवायला घाल.

अल्मिता अजून तिकडेच तोंड करून बसली आहे. तू लिहिलं होतंस, दोन दिवसांत आपण होऊन येते. दोन दिवस माझ्याकडे नाहीत. घरी आल्यावर ती तुला सांगेल की मोठी आई दुष्ट आहे, तिने मला उपाशी ठेवलं आणि स्वतः खाल्लं. तू तिला समजावशील. तुझा स्वभाव तसा आहे. समजावू नकोस. मोठी झाल्यावर ती विचारेल तेव्हाही सांगू नकोस, लग्न होऊन तिची मुलं धडधाकट चालायला लागेपर्यंत. तिला माझा राग राहू दे. राग असेल तर ती मला भेटायला येणार नाही.

लिमानो